अमेरिकेंतील रस्त्याकडेचा इतिहास

अमेरिकेला इतिहास नाहीं, असें म्हणण्याची आपल्याकडील सुशिक्षितांत एक रीतच पडून गेली आहे. ज्या देशाच्या स्वातंत्र्याला अद्याप तीनशें वर्षेंहि झालीं नाहींत त्याचा इतिहास तो काय असणार, असा त्या म्हणण्याचा भाव असतो. आणि आपल्या लेण्यांचा व गडकोटांचा अभिमानहि त्यांत थोडा मिसळलेला असतो. ज्यांनीं तो देश विमानांतून उतरून चार मोठ्या शहरांपुरता पाहिला, त्यांचा असा ग्रह झाला तर त्यांना फारसा दोष देतां येणार नाहीं. परंतु न्यू इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून, ओहायो नदीच्या कांठानें, किंवा न्यूयॉर्क संस्थानाच्या अंतर्भागांतून जो कोणी लहान रस्त्यांनीं मोटार हांकीत जाईल त्याला अगदीं निराळा अनुभव येईल. तेथें रस्त्याच्या कडेला खांबावर बसविलेली ओतीव धातूची एक पाटी जागोजाग आढळते, आणि तिच्यावर पांच-सहा ओळींत कांहीं तरी हकीकत कोरलेली असते. कोठें लढाईच्या वेळीं पलटणीनें तळ दिलेला असतो, कोठें गांवांतील पहिली गिरणी उभी राहिलेली असते. मोटार मिनिटभर थांबवावी, वाचावें आणि पुढें जावें, एवढाच त्या पाट्यांचा हेतु. आम्हांला मात्र त्या वाचतां वाचतां मुक्कामाला पोंचण्यास नेहमीं उशीर होत असे.

या पाट्यांनाहि त्यांचा स्वतःचा इतिहास आहे. मोटारगाडी मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या आटोक्यांत आली तेव्हां प्रवासी माणूस आगगाडीच्या रुळांपासून मोकळा झाला, आणि आगगाडीनें ज्या गांवांना वगळलें होतें तीं गांवें त्याच्या वाटेवर येऊं लागलीं. न्यूयॉर्क संस्थानानें स्वातंत्र्ययुद्धाच्या दीडशेंव्या वर्षाच्या निमित्तानें १९२६ च्या सुमारास पाट्या उभारण्यास आरंभ केला. व्हर्जिनियानें १९२७ सालीं तेंच काम हातीं घेतलें. पुढें मंदीच्या काळांत, १९३५ सालीं, मध्यवर्ती सरकारनें बेकार लेखकांना काम देण्यासाठीं एक खातेंच काढलें व त्यांच्याकडून प्रत्येक संस्थानाची वाटाडी पुस्तकें लिहवून घेतलीं. कोणत्या रस्त्यानें कोणत्या मैलावर काय लागतें, हें त्यांत सांगितलेलें आहे. आणि त्याबरोबर भुतांच्या गोष्टी, शेतकऱ्यांच्या म्हणी, गुलामगिरींतून सुटलेल्या वृद्धांच्या आठवणी हेंहि या खात्यानें गोळा केलें. झोरा नील हर्स्टनसारख्या थोर लेखिकेनें फ्लॉरिडांत या खात्यासाठीं लोककथा जमविल्या आहेत. सरकारी पैशानें एवढें रसाळ काम क्वचितच झालें असेल.

पाटीवर जें लिहितात तें मात्र सरकारी दप्तरांतून गाळून आलेलें असतें. गांवकऱ्यांना जें सांगावयाचें असतें तें बहुधा पाटीच्या मागच्या रानांत राहतें. अलीकडे, २०१५ पासून, न्यूयॉर्क संस्थानांतील पोमेरॉय फाउंडेशन या संस्थेनें दंतकथांच्याहि पाट्या उभारण्यास पैसा देण्याचा उपक्रम सुरू केला आहे. इतिहासाच्या कांहीं अभ्यासकांना हा अनाचार वाटेल. आम्हांला तसें वाटत नाहीं. एखाद्या गांवानें कोणती गोष्ट खरी मानली, हीहि त्या गांवासंबंधींची एक खरी गोष्टच आहे. फक्त तिच्या खालीं काय गाडलेलें आहे तें पाहण्याची तसदी घेतली पाहिजे.

कधीं कधीं हें गाडणें अगदीं शब्दशः असतें. १८६९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क संस्थानांतील कार्डिफ गांवीं न्यूएल नांवाच्या शेतकऱ्याच्या आवारांत विहीर खणतांना मजुरांना मातींत एक प्रचंड मनुष्याकृति सांपडली. लांबी दहा फूट चार इंच, वजन सुमारें तीन हजार पौंड. पुराणकाळचा राक्षस दगड होऊन पडला, असा बोभाटा झाला. न्यूएलनें वर तंबू ठोकला व दर्शनाला पन्नास सेंट आकारूं लागला. धर्मोपदेशक आले, डॉक्टर आले. वस्तुतः हा राक्षस त्याच्याच एका नातलगानें, जॉर्ज हल नांवाच्या चिरूटवाल्यानें, एक वर्षापूर्वीं तेथें पुरून ठेवला होता. आयोवा संस्थानांत एका मेथॉडिस्ट उपदेशकाशीं हलचा वाद झाला होता. बायबलाच्या पहिल्याच ग्रंथांत पृथ्वीवर राक्षस होते असें म्हटलें आहे तें अक्षरशः खरें, असें उपदेशकाचें म्हणणें. नास्तिक हलनें आयोवांतून जिप्समचा दगड विकत घेतला, शिकागोंतील पाथरवटांकडून त्याची मूर्ति घडवून घेतली, कातडीवरील रंध्रें दिसावींत म्हणून सुयांनीं टोंचविली व तेजाबानें जुनाट केली. येल विद्यापीठाच्या मार्श या पंडितानें पाहतांक्षणींच ती बनावट ठरविली. सर्कशीचा मालक बार्नम याला ती मिळेना, तेव्हां त्यानें तशीच दुसरी करविली आणि आपलीच अस्सल आहे असें जाहीर केलें. हल्लीं मूळची मूर्ति कूपरस्टाउन येथील शेतकी संग्रहालयांत आडवी पडलेली आहे, आणि ती बनावट आहे हें पूर्णपणें ठाऊक असूनहि लोक तिकीट काढून तिला पाहतात. डार्विनचा ग्रंथ निघून जवळजवळ दहा वर्षें झालीं होतीं. त्या वेळचा सामान्य अमेरिकन धर्मग्रंथ आणि भूगर्भशास्त्र या दोहोंच्या ओढाताणींत किती सांपडला होता, तें या जिप्समच्या धोंड्यावरून जितकें स्पष्ट कळतें तितकें त्या काळच्या विद्वत्तापूर्ण व्याख्यानांवरून कळत नाहीं.

ही झाली थट्टा. वेस्ट व्हर्जिनियांतील पॉइंट प्लेझंट या गांवची गोष्ट थट्टेची नाहीं. ओहायो आणि कनावा या नद्यांच्या संगमावरील या गांवाच्या भर चौकांत एका पंख असलेल्या, तांबड्या डोळ्यांच्या प्राण्याचा चकचकीत पोलादी पुतळा २००३ सालीं बसविलेला आहे. त्याला मॉथमॅन म्हणतात. पतंग-पुरुष म्हणूं या. १९६६ च्या नोव्हेंबरांत गांवाबाहेरील, दुसऱ्या महायुद्धांतील दारूगोळ्याच्या ओसाड कोठारांजवळ दोन जोडप्यांनीं त्याला पाहिल्याचें सांगितलें, आणि पुढें वर्षभर तो अनेकांना दिसत राहिला. १५ डिसेंबर १९६७ रोजीं संध्याकाळच्या गर्दीच्या वेळीं ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज हा पूल वाहनांसकट कोसळला आणि ४६ माणसें मेलीं. तेव्हांपासून पतंग-पुरुष हा त्या अनर्थाचा पूर्वसूचक ठरला. आज त्याच्या नांवानें वर्षास जत्रा भरते.

पूल पडण्याचें कारण चौकशींत पूर्णपणें उघडकीस आलेलें आहे. १९२८ सालीं बांधलेला हा पूल पोलादी पट्ट्यांच्या सांखळ्यांवर टांगलेला होता. तशा एका पट्टीच्या डोळ्याला गंजानें व ताणानें मिळून एक बारीक चीर पडली होती. तिची खोली इंचाच्या दहाव्या हिश्शाएवढी. ती पट्टी तुटतांच तिचा भार घेण्यास दुसरी पुरेशी नव्हती, म्हणून सारा पूल मिनिटाच्या आंत खालीं आला. या अपघातामुळेंच अमेरिकेंत सर्व देशभर पुलांची ठराविक मुदतीनें तपासणी करण्याचा कायदा झाला. आज त्या देशांत कोठल्याहि पुलावरून निर्धास्तपणें जाणारा प्रवासी त्या ४६ माणसांचा थोडासा ऋणी आहे. पण त्यांच्या नांवाची जत्रा भरत नाहीं.

याच गांवीं आणखी एक थर खालीं आहे. पूल पडला तो कॉर्नस्टॉकच्या शापामुळें, असेंहि कांहीं लोक म्हणत आले. कॉर्नस्टॉक हा शॉनी लोकांचा नायक. १० ऑक्टोबर १७७४ रोजीं याच संगमावर व्हर्जिनियाच्या फौजेशीं तो दिवसभर लढला व पुढें तहाचा पुरस्कर्ता झाला. १७७७ सालीं तो येथील किल्ल्यांत बोलणें करण्यास आला असतां त्याला अडकवून ठेवण्यांत आलें. बाहेर एक शिपाई मारला गेला, आणि त्याचा सूड म्हणून चवताळलेल्या शिपायांनीं या निःशस्त्र पाहुण्याला, त्याच्या भेटीस आलेल्या मुलासह, गोळ्या घातल्या. त्या वेळचा गव्हर्नर पॅट्रिक हेन्री. स्वातंत्र्यावरील भाषणामुळें शाळेच्या पुस्तकांतून आपल्यालाहि हें नांव परिचित आहे. त्यानें या कृत्याचा निषेध केला, खटलाहि झाला, परंतु साक्ष देण्यास कोणी पुढें आलें नाहीं व आरोपी सुटले. मरतांना नायकानें शाप दिल्याची कथा मागाहून जोडलेली आहे. तिची गरज कां पडली असावी हें समजण्यासारखें आहे. न्यायालयानें जो दंड केला नाहीं तो कोणी तरी करावयास हवा, असें त्या भूमीवर राहणाऱ्या पुढच्या पिढ्यांना वाटत असलें पाहिजे.

आतां ज्या एका जागेसाठीं आम्हीं मुद्दाम वांकडी वाट केली तिच्याकडे वळतों. ऱ्होड आयलंड हें अमेरिकेंतील सर्वांत लहान संस्थान. त्यांत एक्झेटर नांवाचें गांव आहे. चेस्टनट हिल येथें बाप्टिस्ट पंथाचें साधें, पांढरें देऊळ असून त्याच्या मागें स्मशानभूमि आहे, आणि तिच्यांत मर्सी लीना ब्राउन या मुलीची शिळा आहे. १७ जानेवारी १८९२ रोजीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं ही मुलगी वारली. तिची शिळा एकदां चोरीस गेल्यानंतर आतां लोखंडी पट्ट्यानें जखडून ठेवलेली आहे. कारण मर्सी ब्राउन ही अमेरिकेंतील शेवटची ‘व्हँपायर’, म्हणजे रक्तपिपासु पिशाच, म्हणून प्रसिद्ध आहे. शिळेवर येणारे-जाणारे कांहीं ना कांहीं ठेवून जातात: खोटे दागिने, प्लास्टिकचे सुळे, कोणी खोकल्याच्या गोळ्या. हा शेवटचा नैवेद्य ठेवणाऱ्याला खरी हकीकत ठाऊक असली पाहिजे.

हकीकत अशी. जॉर्ज ब्राउन हा एक्झेटरचा साधा शेतकरी. त्या भागांतील जमीन खडकाळ. तरुण माणसें पश्चिमेकडील चांगल्या जमिनींच्या शोधांत निघून गेलेलीं. १८२० सालीं अडीच हजारांवर असलेली गांवची वस्ती १८९२ पर्यंत हजाराच्या आंत आली होती. मागें राहिलेल्यांच्या घरांतून राजयक्ष्मा शिरला होता. १८८३ च्या डिसेंबरांत जॉर्जची बायको मेरी त्यानें गेली. पुढच्याच वर्षीं त्याच नांवाची वीस वर्षांची थोरली मुलगी गेली. कांहीं वर्षांनीं धट्टाकट्टा मुलगा एडविन खंगूं लागला; हवापालटासाठीं त्याला दूर कोलोरॅडोंत पाठविलें, पण गुण आला नाहीं. तो तिकडे असतांच मर्सीला तोच रोग झपाट्यानें जडला व ती गेली. एडविन मरणपंथाला लागून घरीं परतला.

तेव्हां शेजारीपाजारी जॉर्जकडे आले. न्यू इंग्लंडच्या खेड्यांतून एक जुनी समजूत होती, कीं एकाच घरांतील माणसें क्षयानें पाठोपाठ जाऊं लागलीं म्हणजे गेलेल्यांपैकीं कोणाच्या तरी काळजांत अजून ताजें रक्त असतें आणि तें जिवंतांच्या प्राणावर पोसलें जात असतें. तें काळीज काढून जाळावें, म्हणजे उरलेले वांचतात. ‘व्हँपायर’ हा शब्द या खेडुतांच्या तोंडीं नव्हता. तो वर्तमानपत्रांनीं त्यांच्यावर लादला, ही गोष्ट मायकेल बेल या लोकसाहित्याच्या अभ्यासकानें दाखवून दिली आहे. जॉर्जचा स्वतःचा या उपायावर विश्वास नव्हता असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें होतें. परंतु एक मुलगा घरांत खोकत पडला असतां आणि सारा गांव तुझ्या हट्टामुळें तो मरेल असें सांगत असतां, विश्वास नसलेला बाप किती दिवस नाहीं म्हणेल?

१७ मार्च १८९२ रोजीं तिन्ही प्रेतें तपासण्यांत आलीं. विकफर्डचे डॉक्टर हॅरल्ड मेटकाफ यांना बोलावून आणलें होतें. आई व थोरली बहीण यांचे सांगाडे झाले होते. मर्सीला जाऊन दोनच महिने झाले होते. थंडीमुळें तिची पेटी जमिनीवरील दगडी कोठडींत ठेवलेली होती. न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यांत प्रेत जसें राहावें तसें तें राहिलें होतें, आणि काळजांत रक्त आढळलें. डॉक्टरांनीं सांगितलें, हें स्वाभाविक आहे, फुप्फुसांत क्षयाच्या खुणा स्पष्ट आहेत. लोकांना जें पाहावयाचें होतें तें त्यांनीं पाहिलें होतें. काळीज व यकृत जवळच्या खडकावर जाळण्यांत आलें आणि ती राख पाण्यांत कालवून एडविनला पाजण्यांत आली. २ मे रोजीं एडविन वारला.

प्रॉव्हिडन्स शहराच्या वर्तमानपत्रानें या अडाणीपणावर कोरडे ओढले. शहरच्या सुशिक्षितांना असे कोरडे ओढणें नेहमींच सोपें जातें. थोरोसारख्या विचारवंतानेंहि १८५९ सालीं व्हरमाँटमधील अशाच एका प्रकाराविषयीं वाचून मनुष्यांतील रानटीपणा कधीं जात नाहीं असा शेरा आपल्या रोजनिशींत मारला आहे. आमच्या मतें येथें जरा थांबून विचार केला पाहिजे. रॉबर्ट कॉक यानें क्षयाचा जंतु २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें जाहीर केला होता. त्यापूर्वींच्या पिढीचे पुष्कळसे नामांकित डॉक्टर हा रोग आनुवंशिक आहे, घराण्याच्या हाडांतच असतो, असें मानीत. खेडुतांचें म्हणणें असें, कीं गेलेल्या माणसापासून कांहीं तरी निघतें आणि तें राहिलेल्या माणसाला लागतें. कारण त्यांनीं चुकीचें सांगितलें व उपाय भयंकर केला, हें कबूल. पण रोग माणसापासून माणसाला लागतो हें त्यांचें निरीक्षण त्या डॉक्टरांच्या सिद्धांतापेक्षां सत्याला जवळचें होतें. आणि मेटकाफ यांचें ज्ञान बिनचूक असलें, तरी त्यांच्या पिशवींत एडविनला देण्यासारखें काय होतें? रोगाचें नांव होतें, औषध नव्हतें. ज्ञान आणि इलाज यांच्यामध्यें जें अंतर पडतें त्यांत शेजारी येऊन उभे राहतात. ते काय सुचवितील याचा नेम नसतो.

एक्झेटर ही एकटी जागा नव्हे. बेल यांना अशीं सुमारें ऐंशीं उदाहरणें मिळालीं आहेत. १९९० सालीं शेजारच्या कनेक्टिकट संस्थानांत ग्रिझवोल्ड येथें खडीच्या खाणींत खेळणाऱ्या मुलांना कवट्या सांपडल्या, आणि त्यावरून एक विसरलेलें कौटुंबिक स्मशान उजेडांत आलें. त्यांतील एका पेटीवर पितळी खिळ्यांनीं ‘जे. बी. ५५’ अशीं अक्षरें जडविलेलीं होतीं. आंतील माणसाच्या मांडीचीं हाडें छातीवर फुलीसारखीं रचून त्यांवर कवटी ठेवलेली. बरगड्यांवर फुप्फुसांच्या रोगाच्या खुणा होत्या. जाळण्यास काळीज उरलें नसेल, म्हणून मृताची निदान हालचाल तरी बंद करावी, असा हा प्रकार दिसतो. २०१९ सालीं जनुकांच्या परीक्षेवरून तो बहुधा जॉन बार्बर नांवाचा शेतकरी असावा असें ठरलें. पावणेदोनशें वर्षें अनामिक राहिलेल्या माणसाला नांव परत मिळालें, हें एक बरें झालें. मर्सीचें उलट झालें; तिचें नांव राहिलें आणि माणूस गेला. न्यू इंग्लंडच्या पिशाचांविषयींचें १८९६ सालचें एक अमेरिकन कात्रण ‘ड्रॅक्युला’च्या कर्त्याच्या टिपणांत सांपडलें आहे; त्याची कादंबरी १८९७ सालीं बाहेर पडली. तेव्हांपासून खोकून खोकून मेलेल्या या शेतकऱ्याच्या मुलीला कादंबरींतल्या सरदाराची नातलग होऊन राहावें लागलें आहे.

या स्मशानांत उभे असतां आम्हांला सनावळीनें एक निराळीच आठवण करून दिली. ज्या १८८३ सालीं मर्सीची आई गेली, त्याच सालच्या उन्हाळ्यांत कल्याणच्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरल्या होत्या. न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनीं त्यांना मुलीप्रमाणें घरांत घेतलें. आनंदीबाईंनीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांतून १८८६ च्या मार्चांत पदवी मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत त्यांची नेमणूकहि झाली. परंतु त्या कामावर कधींच रुजू होऊं शकल्या नाहींत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्या वारल्या. वय पुरतें बावीसहि नव्हतें. रोग तोच, मर्सी ब्राउनचा. एका संस्थानांत त्या रोगाचें पिशाच करीत होते. काहीं तासांच्या अंतरावर त्याच रोगाला बळी पडावयाची असलेली एक मराठी मुलगी त्याच्या कांहीं वर्षें आधीं शरीरशास्त्र शिकत होती. पण कॉकचा जंतु ठाऊक असून तिच्याहि हातीं मेटकाफ यांच्याहून अधिक कांहीं नव्हतें. क्षयावर चालणारें पहिलें खरें औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ सालीं मातींतील एका सूक्ष्म जीवापासून निघालें. तें रटगर्स विद्यापीठांत, म्हणजे कार्पेंटरबाईंच्याच न्यू जर्सींत.

आनंदीबाईंच्या अस्थि कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आल्या, आणि बाईंनीं त्या न्यूयॉर्क संस्थानांतील पोकिप्सी या गांवच्या स्मशानभूमींत आपल्या कुटुंबाच्या जागेंत पुरल्या. शिळेवर त्यांचें नांव आहे, पदवी आहे, आणि शिक्षणासाठीं हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाचा उल्लेख आहे. आनंदीबाईंवर आपल्याकडे चरित्रें झालीं, कादंबरी झाली, नाटक झालें, २०१९ सालीं चित्रपटहि निघाला; पण ही शिळा पाहिलेलें माणूस आम्हांला फार क्वचित् भेटलें आहे. हल्लीं आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-सुना न्यू जर्सींत असतात, व आईबाप तिकडे गेले म्हणजे त्यांना नायगाऱ्याचा धबधबा हटकून दाखविला जातो. पोकिप्सी न्यूयॉर्क शहरापासून हडसन नदीच्या कांठाकांठानें वर सुमारें पंचाहत्तर मैलांवर आहे, आगगाडीहि जाते. गांवच्या नांवाचीं इंग्रजी अक्षरें वाचून उच्चार करण्याच्या भरीस कोणी पडूं नये, कोणाला कळणार नाहीं. स्मशानभूमि विस्तीर्ण आहे, म्हणून फाटकाजवळच्या कचेरींत कार्पेंटर कुटुंबाची जागा विचारून घ्यावी.